सुट्या सीडी-डीव्हीडींची माहिती मिळावी

महोदय,

सीटी स्कॅन वा एमआरआयची चित्रे अनेक ठिकाणी आजही रुग्णाच्या हाती सीडीवरच दिली जातात. वकील, छायाचित्रकार आणि छोटी ग्रंथालये यांनाही कोऱ्या डिस्क लागतात. मात्र त्या पारखून घ्याव्यात कशा, हे ग्राहकाला कळण्याची सोय नाही. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत छापावी लागते. परंतु दुकानदार ५० च्या डब्यातून पाच-दहा डिस्क काढून कागदी पाकिटात घालून देतो, तेव्हा त्यातले काहीच आपल्यापर्यंत येत नाही. शिवाय डिस्कवर नाव एकाचे आणि कारखाना दुसऱ्याचा, हेही या धंद्यात सर्रास चालत आले आहे.

सीडी-आरवरील, म्हणजे एकदाच नोंद करता येणाऱ्या कोऱ्या सीडीवरील, नोंद सेंद्रिय रंगाच्या अतिशय पातळ थरात होते आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो थर खराब होतो. आमच्या ग्रंथालयातील व्याख्यानमालेच्या काही सीडी खिडकीलगतच्या कपाटात होत्या. त्यांवरील भाषणे सुरुवातीला स्वच्छ ऐकू येतात, शेवटाकडे अडखळू लागतात आणि पुढे यंत्र नुसतेच फिरत राहते. नोंद आतून बाहेरच्या कडेकडे होत जाते व कडेचा भाग बहुधा आधी बिघडतो, त्यामुळे वक्त्यांचे समारोपच नेमके हातचे गेले, याचे फार वाईट वाटते. हा थर आणि त्यावरचा धातूचा पातळ थर छापील बाजूच्या लाखेच्या लगेच खाली असल्याने त्या बाजूवर बॉलपेनने लिहिणेही घातक ठरते. डीव्हीडीत तो प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांमध्ये असल्याने तुलनेने सुरक्षित राहतो.

बाद डिस्कचे पॉलिकार्बोनेट पुन्हा वापरता येते, पण त्यासाठी त्यावरील धातू व रंग वेगळे काढावे लागतात. भंगारवाले अशा डिस्क सहसा घेत नाहीत. मग त्या कचऱ्यात जातात, कुठे जाळल्याही जातात. रुग्णाच्या नावासकट त्याच्या तपासण्या उकिरड्यावर पडाव्यात, हे तर अत्यंत गंभीर आहे.

वजन-मापे तपासणाऱ्या वैधमापनशास्त्र यंत्रणेने सुट्या विक्रीतही मूळ वेष्टनावरील माहिती बिलावर लिहून देणे सक्तीचे करावे. नगरपालिकांनी ई-कचरा गोळा करताना जुन्या डिस्कही वेगळ्या स्वीकाराव्यात आणि निदान केंद्रांनी, रुग्णाला नको असलेली सीडी परत घेऊन ती त्याच्यासमोर निकामी करण्याची सोय आपल्याच काउंटरवर ठेवावी.

— एक ग्रंथालय कार्यकर्ता, सातारा