आधी जागा, मग गाडी

निशिकासाई, टोकियो
ऑक्टोबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांस
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र मिळाले. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून पुन्हा वाद झाला आणि सचिव म्हणून तो तुम्हालाच निस्तरावा लागला, हे वाचून वाईट वाटले. जपानात हा प्रश्न कसा सोडवतात ते सविस्तर लिही, असे तुम्ही कळवले आहे. गेले काही महिने मी याच खटपटीत होतो. तुमच्या सुनेची बदली चिबा प्रांताच्या आतल्या भागात झाली असून तिची कामाची पाळी संपते तेव्हा स्थानकाकडे जाणारी शेवटची बस निघून गेलेली असते. त्यामुळे इतकी वर्षे गाडीवाचून निभावल्यानंतर आता ती घेणे भाग पडले.

येथे गाडी घेण्याआधी ती कोठे उभी राहणार हे दाखवावे लागते. तसा कायदा 1962 पासून आहे. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी, गाडी तिच्यात पूर्ण मावावी, रस्त्यावरून तेथे नीट ये-जा करता यावी आणि ती वापरण्याचा हक्क आपल्याकडे असावा, एवढ्या साध्या अटी आहेत. जागेचा आराखडा आणि जागामालकाचे संमतिपत्र घेऊन त्या हद्दीतील पोलीस ठाण्यात अर्ज करायचा. दोन-अडीच हजार येन शुल्क भरून काही दिवसांनी प्रमाणपत्र मिळते आणि ते जोडल्याशिवाय गाडीची नोंदणीच होत नाही. खोटी जागा दाखवून प्रमाणपत्र मिळवले तर दोन लाख येनपर्यंत, म्हणजे आपल्या एक लाख रुपयांहून अधिक, दंड होऊ शकतो. म्हणून येथे लोक आधी जागा शोधतात आणि तिच्या मापाची गाडी घेतात.

मी सर्वप्रथम आमच्याच इमारतीत चौकशी केली. तेथे यांत्रिक पार्किंग आहे: लोखंडी पाळण्यांवर एकाखाली एक अशा गाड्या ठेवलेल्या असतात आणि बटण दाबले की हवा तो पाळणा वर येतो. जागेची बचत होते हे खरे, पण अशा जुन्या यंत्रांत गाडीची उंची बहुधा 1.55 मीटरपर्यंतच चालते आणि हल्ली लोकप्रिय असलेल्या उंच गाड्या तेथे मावतच नाहीत. शिवाय प्रतीक्षा यादी होती. माझ्या मनात आणखी एक शंका होती, ती पाण्याची. आमच्या एदोगावा वॉर्डाचा बहुतांश भाग समुद्राच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, आणि वादळाच्या दिवसांत जमिनीखालच्या पाळण्यात गाडी ठेवून स्वस्थ झोप लागेल असे मला वाटत नव्हते.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी गल्ल्या पालथ्या घालू लागलो. येथे जुने घर पाडले की त्या एवढ्याशा तुकड्यावर चार-सहा गाड्यांची जागा आखतात, कुंपणाला मासिक भाड्याची पाटी लावतात आणि पाटीवर जवळच्या जागा-दलालाचा फोन क्रमांक असतो. सगळ्या जागा इंटरनेटवर येत नाहीत. निदान स्वस्त जागा तर मला पायी फिरूनच सापडल्या. स्थानकापासून जसजसे दूर जावे तसतसे भाडे उतरत जाते, छप्पर असेल तर वाढते, कोपऱ्यातली अडचणीची जागा असेल तर थोडे कमी होते. स्थानकाजवळच्या एका जागेसाठी महिना 27,000 येन सांगितले, वर एका महिन्याचे भाडे अनामत आणि तेवढीच दलाली. दुसऱ्या एका दलालाने जपानी जामीनदार आणल्याशिवाय बोलणेच करायचे नाही, असे स्पष्ट सांगितले. भाडे वेळेवर देणाऱ्या परदेशी माणसाला जामीनदारासाठी कोणाच्या तरी दारी उभे राहावे लागावे, हे मला पटत नाही, आणि या व्यवस्थेतील ही खरोखरीची उणीव आहे असे माझे मत आहे.

शेवटी तोडगा निघाला तो गाडीचे माप कमी केल्यावर. येथे 660 सीसीपर्यंतच्या लहान गाड्यांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्यांची लांबी 3.4 मीटर आणि रुंदी 1.48 मीटर यांहून अधिक असता कामा नये, आणि त्यांची नंबरप्लेट पिवळी असते. मोठी गाडी वळवता येणार नाही अशा अरुंद जागा फक्त या गाड्यांसाठी राखून कमी भाड्याने दिल्या जातात. अशीच एक जागा मला घरापासून चालत पंधरा मिनिटांवर मिळाली. तिच्या एका बाजूला शेजारच्या घराची भिंत आहे, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब, आणि भाडे आहे महिना 14,000 येन, म्हणजे सुमारे आठ हजार रुपये. लहान गाडीला आधी प्रमाणपत्र लागत नाही. टोकियोच्या 23 वॉर्डांत पोलिसांना जागा कळवली की पुरते. आराखडा मात्र तसाच काढावा लागतो. मी टेप घेऊन भिंतीपासून खांबापर्यंतचे अंतर मोजत होतो, तेव्हा शेजारच्या घरातील आजोबा बाहेर आले. त्यांनी काही न विचारता टेपचे दुसरे टोक धरले आणि समोरच्या रस्त्याची रुंदीही लिहावी लागते, याची आठवण करून दिली.

भाडे ऐकून आईला धक्का बसला असेल. मलाही सुरुवातीला ते जाचक वाटले होते. परंतु आमच्या गल्लीत जेमतेम एक गाडी जाईल एवढाच रस्ता आहे, पदपथ नाही, आणि तरीही सकाळी शाळेची लहान मुले तेथून एकटी चालत जातात, कारण कडेला एकही गाडी उभी नसते. आगीचा बंब थेट दारापर्यंत येऊ शकतो. ही मोकळीक कोणाच्या शिस्तप्रिय स्वभावातून आलेली नाही. आपण जपानी लोकांविषयी असे फार सहज बोलून जातो. रात्रीच्या वेळी रस्त्यावर एकाच ठिकाणी सलग आठ तास गाडी ठेवणे हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. 2006 च्या जूनपासून तर बेकायदा उभ्या गाड्या टिपण्याचे काम पोलिसांनी खासगी निरीक्षकांकडेही सोपवले आहे; हिरव्या गणवेशातील ही माणसे जोडीने फिरतात, छायाचित्र घेतात आणि काचेवर पिवळी चिठ्ठी चिकटवून पुढे जातात. त्यांच्याशी हुज्जत घालून उपयोग होत नाही, कारण दंड माफ करण्याचा अधिकारच त्यांना नाही.

पाहुण्यांची सोय तासावर भाडे घेणाऱ्या जागांत होते. गाडी आत घेतल्यावर काही मिनिटांत तिच्याखालची लोखंडी पट्टी वर उचलली जाते आणि पैसे भरल्याखेरीज ती खाली जात नाही. मात्र अशा जागेत दिवसाला कमाल भाडे किती, आणि ती मर्यादा एकदाच लागू होते की रोज, हे पाटीवर बारकाईने वाचावे लागते. न वाचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मोठा भुर्दंड पडतो.

आता आपल्याकडचे. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे महिन्यात जाहीर केले की, पार्किंगची जागा असल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय महाराष्ट्रात नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. या कल्पनेला माझा मनापासून पाठिंबा आहे. तरी दोन गोष्टींची काळजी वाटते. येथे जागा परवडत नाही म्हणून गाडी न घेणारा माणूस अडत नाही, कारण तोझाई मार्गाची रेल्वे दर काही मिनिटांनी येते. आमच्याच वॉर्डात कासाई स्थानकाच्या जमिनीखाली 9,000 हून अधिक सायकली ठेवण्याची सोय आहे आणि त्यांतील बऱ्याचशा सायकली यंत्रच आत नेते व परत आणून देते. पुण्यात मेट्रो 2022 मध्ये सुरू झाली आणि वनाझ स्थानक आपल्या घरापासून जवळ आहे, पण स्थानकापर्यंत नेणारी बस वेळेवर येईल याची खात्री नसेल तर माणूस दुचाकी काढणारच. दुसरी काळजी कागदाची. प्रमाणपत्र देणारा कार्यालयात बसूनच सही करणार असेल, तर एकाच जागेवर तीन गाड्या नोंदल्या जातील आणि त्या तिन्ही रात्री रस्त्यावर असतील.

तुमच्या सोसायटीच्या वादात जागेवर हक्क सांगणाऱ्या त्या नव्या सभासदाचीही मला थोडी कणव येते. बिल्डरने त्याच्याकडून स्टिल्टखालच्या, म्हणजे इमारतीच्या तळाशी खांबांमध्ये मोकळ्या ठेवलेल्या, जागेचे वेगळे पैसे घेतले असतील, तर तो ती स्वतःची समजणारच. परंतु स्टिल्टखालची किंवा उघडी जागा बिल्डरला सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे, आणि तो तुम्ही सभेत वाचून दाखवलात हे योग्यच केलेत. पुढच्या सभेत जागांचे फेरवाटप होणार असेल, तर माझी एक विनंती आहे: चिठ्ठ्या टाकण्याआधी प्रत्येक जागेचे माप घ्या आणि प्रत्येक गाडीचेही. लहान गाडीवाल्याने अरुंद जागा घेतली तर त्याचे मासिक शुल्क कमी ठेवावे. म्हणजे मोठ्या जागेसाठीची ओढ आपोआप घटेल. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे त्यांच्याकडून तिचे शुल्क दुपटीने घ्यावे, याला विरोध होईल, पण तुम्ही आग्रह सोडू नये.

येथे पोलिसांकडे द्यायचा आराखडा कसा असतो हे कळावे म्हणून माझ्या आराखड्याची प्रत सोबत पाठवत आहे. मजकूर जपानी असला तरी आकडे मीटरमध्ये आहेत. आपल्या स्टिल्टमध्ये मोजताना दोन खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर घेऊ नये, खांबाच्या आतल्या कडेपासून घ्यावे, आणि दार उघडायला लागणारी जागा वेगळी लिहावी. सभेत काय ठरले ते सविस्तर कळवा. आईला सांगा, गाडीची पूजा तुमच्या सुनेने नारळ वाढवून यथासांग केली.

आपला
धाकटा