‘बाळ दूध पीत नाही’ एवढीच नोंद पुरत नाही

संपादक महोदय,

नवजात बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘फीडिंग प्रॉब्लेम’ एवढे दोनच शब्द असले, की रेकॉर्ड विभागाला पी ९२.९ हा संकेतांक टाकण्यावाचून गत्यंतर नसते. त्याचा अर्थ ‘प्रकार नमूद नाही’. वास्तविक आयसीडी-१० मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या संकेतांक-यादीत, पी ९२ (नवजाताच्या पिण्याच्या तक्रारी) खाली आठ घरे आहेत. उलटी ९२.०, दूध वर काढणे ९२.१, सावकाश पिणे ९२.२, दूध कमी पडणे ९२.३, जास्त पाजणे ९२.४, अंगावर पिण्यात अडचण ९२.५, इतर ९२.८ आणि शेवटचे हे ९२.९. कोडिंग करणाऱ्याने अंदाजाने घर निवडायचे नसते, डॉक्टरांना विचारायचे असते. पण कार्ड हाती येईपर्यंत आई बाळाला घेऊन गावी पोहोचलेली असते.

सोलापुरात अडचण आणखी एका जागी येते. अक्कलकोटकडच्या आया कन्नड बोलतात, पूर्व भागातल्या तेलुगू. बाळ स्तन तोंडातच धरत नाही, दोन घोट घेऊन झोपते, की प्यालेले लगेच बाहेर टाकते, हे त्या नेमके सांगतात. केसपेपरवर मात्र ‘पीत नाही’ एवढेच उतरते.

उलटीचा रंग लिहिलाच पाहिजे. हिरवी, पित्ताची उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडला नाही ना, हे तातडीने पाहायचे असते. अमेरिकी आवृत्तीत तिला पी ९२.०१ असा वेगळा संकेतांक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आवृत्तीत सगळ्या उलट्या ९२.० मध्येच जातात, त्यामुळे तिथे ‘हिरवी’ हा शब्द फक्त डॉक्टरांच्या अक्षरातच टिकतो. पुढे आतड्याच्या जडणीतला दोष निघाला तर क्यू ४३.३, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग जन्मतः बंद असेल तर क्यू ४१.० हे मुख्य निदान होते.

सर्वांत घातक गल्लत जंतुसंसर्गाची. कालपर्यंत नीट पिणारे बाळ आज सुस्त होऊन पिणे सोडते, तेव्हा ती सेप्सिसची, म्हणजे रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाची, पहिली खूण असू शकते. निदान पक्के झाले की मुख्य संकेतांक पी ३६. तिथे पी ९२ राहिला तर गंभीर आजार किरकोळ तक्रारीच्या आकड्यात बुडतो. टाळू दुभंगलेली असेल तर क्यू ३५ आधी, पिण्याची अडचण नंतर. आईचे स्तनाग्र आत ओढलेले असेल तर ओ ९२.० तिच्या कागदावर जाते, बाळाच्या नाही. बाळाला ९२.५ द्यावा.

वयाची अटही पाळली जात नाही. नवजात म्हणजे जन्माचा दिवस शून्य धरून २७ व्या दिवसापर्यंत. चाळिसाव्या दिवशी नव्याने सुरू झालेली तक्रार आर ६३.३ मध्ये जाते. नवजात काळातच सुरू होऊन रेंगाळलेली असेल तर मात्र पी ९२ चालतो. म्हणून तक्रार कोणत्या दिवशी सुरू झाली, हे लिहायला हवे. आशाताई घरभेटीला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जातातच. त्यांच्या नोंदीतूनही ही तारीख मिळते.

खासगी विम्याच्या दाव्यात रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी-१० चा रकाना असतो. तिथे ९२.९ लिहून चार दिवसांचे सलाईन दाखवले की शंका निघणारच. आणि जिल्ह्यात स्तनपान समुपदेशक कुठे कमी पडतात, हे ९२.३ आणि ९२.५ वेगळे मोजल्याशिवाय कसे कळणार?

एप्रिल-मेच्या उन्हात इथे दूध कमी पडलेली बाळे सुकून येतात. त्यांच्या कार्डावर किमान एवढी ओळ असावी, अशी डॉक्टरांना विनंती: ‘वय ५ दिवस, जन्मवजन २.८ किलो, आज २.४५ किलो, घट १२.५ टक्के, २४ तासांत लघवी दोनदा, उलटी नाही, आईचे दूध अपुरे, शरीरातील पाणी कमी.’ यावरून पी ७४.१ (शरीरातील पाणी कमी) आणि पी ९२.३ हे दोन्ही संकेतांक कोणालाही न विचारता टाकता येतात.

— वैद्यकीय अभिलेख विभागात काम करणारे काही वाचक, सोलापूर