गावचा बांध आणि पुण्यातील खातेदार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा सरत आला की आपल्या दैनिकाच्या जिल्ह्याच्या पानावर ओढे खोलीकरणाची, तळ्यातला गाळ काढल्याची आणि श्रमदानाची छायाचित्रे दरवर्षी येतात, आणि ती यावीतही. मात्र त्या छायाचित्रांत एक माणूस कधीच नसतो. ज्या गटातून ओढा वाहतो, त्याच्या सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे आणि जो स्वतः कोथरूडला, हडपसरला किंवा सिंहगड रस्त्यावरच्या सदनिकेत राहतो, तो खातेदार. मीही त्यांपैकीच एक आहे, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागात, डोंगराच्या उतारावर आमची वडिलोपार्जित चार एकर बारा गुंठे जमीन आहे. सातबाऱ्यावर सात नावे असून त्यांतले गावात राहून जमीन कसणारे एकटे माझे धाकटे चुलते आहेत. बाकीचे सहा जण पुण्यात. काही वर्षांपूर्वी गावात पाणलोटाचे, म्हणजे उतारावरचे पावसाचे पाणी जागोजागी अडवून जिरवण्याचे, काम निघाले. वरच्या गायरानात सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), त्याखालच्या शेतांत बांधबंदिस्ती, ओढ्याच्या वरच्या अंगाला अनघड दगडांचे बांध आणि सर्वांत खाली एक सिमेंटचा बंधारा, असा माथा ते पायथा आराखडा होता. त्यासाठी संमतीपत्रावर सातही सह्या हव्या होत्या. चुलत्यांनी ते कागद दोनदा एसटीने पुण्याला आणले आणि दोन्ही वेळा कोरेच परत नेले. एका भावाला वाटले की सरकारी खर्चाने काम झाले तर सातबाऱ्यावर सरकारचे नाव लागेल. दुसऱ्याचे म्हणणे असे की उद्या जमीन विकायची झाली तर हे चर कोण बुजवणार. मी स्वतः ‘आधी वाटप होऊ द्या, मग बघू’ असे म्हणालो. आमच्या घरात हे वाक्य तीस वर्षे म्हटले जात आहे.

काम झाले, पण आमचे शेत वगळून. त्याच वर्षी सप्टेंबरात, परतीच्या पावसाच्या एका संध्याकाळी, आमच्या खालच्या अंगाला असलेल्या शेजाऱ्यांचा नवा बांध फुटला. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा त्यांच्या कणसात आलेल्या बाजरीवर वीतभर मुरूम पसरला होता आणि तो मुरूम आमच्या शेतातून आलेला आहे, हे सांगायला कोणी जाणकार लागत नव्हता. आमच्या उतारावर ठिकठिकाणी घळी पडल्या होत्या आणि त्यांच्या तळाशी पांढरा खडक उघडा पडला होता. आबा मला म्हणाले, “तुमच्या चुलत्याला आम्ही काय बोलणार, तो तर कागद घेऊन तुमच्याकडे आला होता.” त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

हे असे का होते, ते साध्या हिशोबाने कळते. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी पडले. चार एकरांवर एका संध्याकाळी 60 मिलिमीटर पाऊस धरला तर ते 9 लाख 70 हजार लिटर होते. त्यातले निम्मे जरी वाहून गेले, तरी दहा हजार लिटरचे 48 टँकर एका रात्रीत शेजाऱ्याच्या बांधावर रिते केल्यासारखे झाले. बांधाची उंची आणि सांडव्याची, म्हणजे जादा पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेची, रुंदी ही वरून किती क्षेत्राचे पाणी येणार यावर ठरते, आणि वरचे पाणी वरच अडवलेले असेल हे त्यात गृहीत धरलेले असते. मधले एक शेत मोकळे राहिले की खालच्यांचे गणित चुकते. आपल्याकडे बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालतात, कोर्टकचेऱ्या होतात. पण बांध न घालून शेजाऱ्याचे केलेले नुकसान कोणाच्याच खाती मांडले जात नाही.

आमच्याकडून नायगाव फार लांब नाही. 1972 च्या दुष्काळाच्या वेळी पुण्यातले अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदरमध्ये गेले आणि पुढे त्यांनी नायगावला देवस्थानची 40 एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर काढून तेच पाणी पुन्हा वर चढवले. त्यातून जी पाणी पंचायत उभी राहिली, तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे, माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही वाटा द्यायचा. आणि पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसल्यामुळे जमीन विकली तरी तो हक्क विकता यायचा नाही. हा शेवटचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. साळुंखे पुण्याहून जाऊन गावात पाय रोवून राहिले. आमच्यासारखे गावाहून पुण्यात आले आणि गावाकडे फक्त जमिनीचा भाव विचारायला फोन करतात.

जमिनीवर मालकी चालते तशी जमिनीखाली चालत नाही. आपल्याकडचा दगड काळा, बेसाल्टचा. वरचा मुरूम आणि त्याखालचा झिजलेला, भेगाळ थर यांतच बहुतेक पाणी साठते, आणि हा थर कोणाच्या हद्दीपाशी थांबत नाही. गायरानात मुरलेले पाणी तीन गट ओलांडून चौथ्याच्या विहिरीला लागते. त्यामुळे ज्याने चर खणले त्याची विहीर कोरडी आणि ज्याने सही दिली नाही त्याच्या विहिरीला पाणी, असेही घडते, आणि मग माणसे चिडून पुढच्या वर्षी श्रमदानाला येत नाहीत. त्यातच एखाद्याने खोल बोअर घेतले की सगळ्यांनी मिळून मुरवलेले पाणी एकाच्या मोटारीने वर येते. भूजलाचा 2009 चा राज्य कायदा 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालू पाहतो. पण रात्री गावात बोअरची गाडी शिरते तेव्हा कायद्याचे पुस्तक कोणी उघडत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर नको असे गावपातळीवर ठरवले आणि पडलेला पाऊस मोजून त्या वर्षीच्या पिकांचा ताळेबंद मांडला, ते टिकले याचे कारण तेथे हा निर्णय खातेदारांनी स्वतःवर घालून घेतला होता.

दुसरी अडचण देखभालीची. बांध घालताना पुढारी येतात, नारळ फुटतो. त्यानंतर त्या बांधाला कोणी वाली नसतो. दोन फूट रुंद आणि फूटभर खोल चर दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरून जातो. मातीचा बांध खेकडे आणि घुशी पोखरतात. पोखरलेल्या जागी पहिल्या मोठ्या पावसात भगदाड पडते. यावर उपाय साधे आहेत आणि ते गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहेत. बांधावर मारवेल गवत लावावे, कडेला घायपात लावावी, सांडव्याला दगड रचावेत, आणि मृगाच्या आधी एकदा हातात फावडे घेऊन सगळ्या बांधांवरून चालत यावे. पूर्वी हे काम सावडीने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबून, होत असे. आता सावडीला माणसे कोठून आणायची, कारण निम्मी माणसे पुण्यात आहेत. शासनाने 2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू केले आणि पुढे त्याचा दुसरा टप्पाही आणला, परंतु योजना संपल्यावर कोणत्या बांधाचा गाळ कोणी काढायचा, हे कोणत्याही योजनेला गावाच्या वतीने ठरवता येणार नाही.

आता नवे खातेदार आले आहेत. फार्महाऊससाठी वीस-तीस गुंठे घेणारी ही आमचीच पुणेकर मंडळी. त्यांच्याविषयी मला आकस नाही. झाडे लावतात, शनिवार-रविवारी येतात, गावात चार पैसे खर्च करतात. पण जमीन हाती आल्यावर पहिले काम होते ते जेसीबी लावून सपाटीकरणाचे, आणि त्यात चर, ताली (उतारावरचे दगडमातीचे बांध) सगळे नाहीसे होते. दुसरे काम कंपाउंडच्या भिंतीचे. आमच्याच शिवारात अशी एक भिंत ओढ्याच्या तोंडावर आली आणि पाणी वळून शेजारच्या वस्तीवरच्या गोठ्यात शिरले. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करून अडथळा दूर करून घेता येतो, परंतु अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. भिंत उन्हाळ्याच्या तोंडावर झाली आणि पाणी सप्टेंबरात वळले, की मुदत हातची गेलेली असते. त्यामुळे भिंतीचा पाया भरतानाच कोणीतरी बोलायला हवे.

या सगळ्याच्या मुळाशी एक विचित्र कोंडी आहे. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावचे मतदार. माझे नाव पुण्याच्या मतदार यादीत आहे, त्यामुळे मला गावच्या ग्रामसभेत मत नाही, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या सहीशिवाय माझ्या शेतात बांध घालता येत नाही. म्हणजे ज्यांना ठरवण्याचा अधिकार आहे त्यांच्या हाती जमीन नाही, आणि ज्यांच्या नावावर जमीन आहे ते ठरवताना हजर नाहीत. माझी सूचना अशी की प्रत्येक गावाने ग्रामसभेखेरीज ओढानिहाय खातेदारांची बैठक घ्यावी. एका ओढ्याला ज्या ज्या गटांचे पाणी मिळते, त्या सर्व गटांचे खातेदार, मग ते कोठेही राहोत, वर्षातून एकदा समोरासमोर बसले पाहिजेत. 26 जानेवारी आणि 1 मे या दोन्ही दिवशी गावात ग्रामसभा असते आणि शहरात सुट्टी असते. सभा उरकल्यावर त्याच पारावर ही बैठक होऊ शकते.

आम्ही हे उशिरा का होईना केले आहे. आबांचा बांध फुटल्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही सातही जणांनी सह्या केल्या. तोवर योजनेचा निधी संपला होता, म्हणून खर्च आम्हीच केला, आणि आबांच्या बांधाची दुरुस्तीही त्यातच धरली. बांध आणि चरांत मिळून पाचेक गुंठे जागा गेली. आमच्या विहिरीचे पाणी पूर्वी फेब्रुवारीत तळ गाठत असे, ते गेल्या वर्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरले. अर्थात पाऊसही चांगला झाला होता, त्यामुळे सगळे श्रेय मी बांधाला देणार नाही. घळी मात्र थांबल्या, हे डोळ्यांनी दिसते. आमच्या ओढ्यावरील अकरा खातेदार आता देखभालीसाठी वर्षाला एकरी 500 रुपये जमा करतात. पुण्यात चौघांच्या एका वेळच्या जेवणाला हल्ली याहून जास्त लागतात. हे पैसे गावातल्याच दोन तरुणांना बांध दुरुस्तीच्या मजुरीपोटी मिळतात.

संमतीपत्राचा मसुदाही आम्ही गावातच बसून साध्या भाषेत तयार केला. बांधाखालची जागा मालकाचीच राहील, मालकी हक्कात काहीही बदल होणार नाही, वारस आणि खरेदीदार यांच्यावरही देखभालीचा वाटा बंधनकारक राहील आणि सामूहिक कामाखाली आलेला चर बैठकीला विचारल्याशिवाय बुजवता येणार नाही, एवढीच चार कलमे त्यात आहेत. पहिले कलम वाचल्यावर आमच्या घरातली निम्मी भीती गेली. हा मसुदा गावागावांतील पाणलोट समित्यांनी वापरावा, त्यात हवे ते फेरफार करावेत. तो आपल्या दैनिकाने छापल्यास मी आभारी राहीन.

आमच्या वरच्या अंगाचा एक गट अजून मोकळा आहे. त्यावर पाच नावे आहेत, तिघांच्या सह्या झाल्या आहेत, आणि उरलेले दोघे पुण्यात राहतात व आपले दैनिक रोज वाचतात, हे मला माहीत आहे. रोहिणी लागायला थोडेच दिवस उरले आहेत. कागद माझ्याकडे आहेत आणि सहीसाठी मी त्यांच्या घरी यायला तयार आहे.

आपला,
एक खातेदार
सिंहगड रस्ता, पुणे