९९ अंड्यांचं देणं

बँकॉक, रविवार दुपार

प्रिय शुभे,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. तू घातलेल्या शिव्या इथपर्यंत पोचल्या. तब्येतीचं आधी उरकते: अनिरुद्धच्या मानेतली गाठ साधी निघाली, काढली, टाकेही निघाले. माझा गुडघा होता तसाच आहे. आता जरा निवांत बस, कारण पुढचं तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही.

मी नवस बोललेय.

हसून घे. हो, तीच मी, जी ग्लिसरीन आणि परमँगनेटच्या पुड्या पिशवीत घालून बुवांची लबाडी उघडी पाडायला तुझ्यासोबत जावळीतल्या गावागावांत आपोआप पेटणारा अग्नी दाखवत हिंडायची. (कुसुंबीत तुझी ओढणी जळली ती माझ्यामुळे नाही. तीस वर्षांत शंभरदा सांगितलंय.)

तुला वाटेल, बाई तिथल्या हवेने बिघडली. हवा आहेच तशी. इथे टॅक्सीत बसलीस की डोक्यावर छताला मंत्रतंत्रातलं यंत्र रेखलेलं, आरशाला फुलांची माळ, समोर चार-पाच बुद्ध. ऑफिसची नवी शाखा उघडली तेव्हा नऊ भिक्खू आले, पांढरा दोरा दारापासून थेट कॉम्प्युटरांपर्यंत गुंडाळला. नऊ, कारण थाईत नऊ म्हणजे 'काओ', आणि पुढे पाऊल टाकणं यालाही तसाच शब्द. सोमवारी पिवळं, मंगळवारी गुलाबी, असे वारांचे रंग. आपल्याकडे नवरात्रात नऊ दिवस बायका करतात ते इथे बारा महिने. पोरंपोरी फोनच्या पडद्यावर लक्ष्मी नाहीतर गणपती लावतात, फोनचा नंबरही आकड्यांची बेरीज बघून घेतात. या सगळ्याला मिळून त्यांचा लाडका शब्द आहे, 'मुतेलू'.

आणि ब्रह्मदेव! आपण पुष्करला एक देऊळ देऊन मोकळे झालो. इथे १९५६ साली एका हॉटेलच्या बांधकामात विघ्नं यायला लागली म्हणून ज्योतिषाच्या सल्ल्याने भर चौकात त्याला बसवला. हॉटेल पाडून दुसरं उभं राहिलं, देव तिथेच. स्काय ट्रेन तिथून जाते तेव्हा कानात इअरफोन घातलेली माणसं उभ्या उभ्या हात जोडतात. नवस फळला की नाचणाऱ्या बायकांना पैसे देऊन त्याच्यापुढे नाच करवतात. तिथून जवळच, एका मॉलसमोर, त्रिमूर्तीपुढे गुरुवारी रात्री साडेनऊला पोरी लाल गुलाब घेऊन उभ्या. प्रेम जमावं म्हणून. आपल्या त्रिमूर्तीला असली खाती सांभाळावी लागतील असं वाटलं होतं का कधी?

सहा वर्षं मी हे संग्रहालयात फिरावं तसं बघितलं. ऑफिसातली पी नोक ('पी' म्हणजे ताई; चारच वर्षांनी मोठी, पण नुसतं नाव घेतलेलं बरं दिसत नाही) मला था फ्रा चानच्या ताईतबाजारात घेऊन गेली होती. फुटपाथवर बोटभर मातीचे बुद्ध मांडलेले आणि म्हातारे डोळ्याला भिंग लावून असे बसलेले, जसे आमच्या सिलोममधले हिरेवाले. तिथे 'विकत घेतलं' म्हणायचं नाही. 'भाड्याने घेतलं' म्हणायचं, देव विकत मिळतो का? मी विचारलं, डिपॉझिट किती? पी नोक हसली नाही.

तर रिपोर्टचा दिवस. हॉस्पिटलच्या आवारात वास्तूच्या रखवालदाराचं खांबावरचं चिमुकलं घर असतं ना, त्याच्यापुढे लाल फँटाच्या बाटल्या, झाकणं काढून स्ट्रॉ घातलेल्या. मी तिकडे बघत बसले होते. पी नोक आली, शेजारी बसली आणि म्हणाली, लुआंग फो सोथोनला बोल. हा छाछोएंगसाओचा बुद्ध, इथून ऐंशीएक किलोमीटर. त्याला उकडलेली अंडी लागतात. मी काही बोलणार नव्हते. पण तोंडातून मराठीत निघून गेलं, "साधी निघू दे, ९९ देईन." आकडाही माझाच, शुभे. कुणी सुचवला नव्हता.

नवसाला इथे 'बोन' म्हणतात आणि फेडायला 'के बोन'. के म्हणजे सोडवणं. गाठ सोडवावी तसं.

आता पी नोक रोज विचारते, फेडलंस? ती अडाणी नाही. त्या सर्जनची सगळी माहिती तिनेच काढली, दुसऱ्या डॉक्टरचं मत घे म्हणून तीच मागे लागली. तिच्या लेखी देव रागावेल वगैरे काही नाही. शब्द दिलास ना, मग दे, इतकंच. याला माझ्याकडे उत्तर नाही. आपली सगळी उत्तरं बुवांसाठी होती.

दिली तर गाठ अंड्यांमुळे साधी निघाली असं मी कबूल केल्यासारखं होतं. नाही दिली तर रात्री तीनला जाग येऊन मी अंडी मोजत बसते. भीती नाही गं. भीती असती तर तुझ्याशी वाद घालून घालवली असती. शिवाय सासूबाई आल्यात, मार्गशीर्षापर्यंत आहेत, आणि एवढी अंडी मावतील असं घरात एकच पातेलं आहे, त्यांचं पुरणाचं. मागच्या महिन्यात त्यांना छाछोएंगसाओलाच मोठा गुलाबी गणपती दाखवायला नेलं होतं. "हा असा लोळत काय पडलाय?" म्हणाल्या. पण तिथल्या उंदराच्या कानात इच्छा सांगतात, दुसरा कान हाताने झाकून, म्हणजे ऐकलेलं बाहेर सांडत नाही, हे कळल्यावर पाच मिनिटं कुजबुजत होत्या. काय मागितलं ते सांगत नाहीत.

तिथून देऊळ जवळच होतं. मी गाडी वळवायला लावली नाही.

तुला माहितेय मी कशाभोवती फिरतेय. आईने काळुबाईला बोललेला नवस. मांढरदेवीला चल म्हणून दोन वर्षं ती माझ्यामागे होती. तू म्हणालीस, "ने की तिला, एस.टी.चं तिकीट तेवढं, तुझी चळवळ बुडत नाही." त्यावरून आपण सहा महिने बोललो नाही. मग जानेवारी २००५ला तिथे चेंगराचेंगरी झाली, अडीचशेहून जास्त माणसं गेली, आणि माझ्या हाती हुकमाचं पान आलं. ते मी आईसमोर कसं आपटलं ते तू पाहिलंयस. तिने पुन्हा विषय काढला नाही. पुढे गेलीच.

तुझं काय? शाळेतली बदली टळली का? मुग्धाला पुण्यात हॉस्टेल मिळालं असेल. गच्चीची गळती थांबली नसेल, त्या गवंड्याला मी तेव्हाच ओळखलं होतं. सविस्तर लिही, मी लिहिलं नाही म्हणून तू आखडू नकोस.

एक विचारायचं होतं. आईने नवस कशासाठी बोलला होता ते मी कधी विचारलंच नाही. सोड हे खूळ, एवढंच म्हणत राहिले. शेवटच्या आजारपणात ती तुझ्याशी जास्त बोलायची. काय द्यायचं होतं गं? साडी-चोळी, की आणखी काही? आणि माझ्यासाठी होता का? माहीत असेल तर कळव. फोनवर नको, लिहून.

पुढच्या शनिवारी पी नोक गाडी काढतेय. अंडी तिच्या घरी उकडू म्हणते.

तुझी,
वैशू