मनू, जपानला जायच्या आधी एवढं वाच

प्रिय मनू,

व्हिसा आला, तिकीट झालं, आता बॅग भरायच्या आधी हे नीट वाच. फोनवर सांगायला गेलं की तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतेस म्हणून लिहून पाठवतोय. मी 2006 साली कंपनीच्या ट्रेनिंगला तीन महिने नागोयाला होतो, तेव्हा मला कोणीच काही सांगितलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात एका बाईंकडे जेवायला गेलो होतो, साठीच्या असतील, आणि मी भात खाता खाता हाशी म्हणजे त्या काड्या भातात उभ्या खोचल्या आणि पाणी प्यायला लागलो. सगळे एकदम गप्प. त्या बाई उठल्या, काही न बोलता काड्या काढून आडव्या ठेवल्या, माझ्या पाठीवर हलकेच हात ठेवला आणि जागेवर जाऊन बसल्या. नंतर सोबतच्या इंजिनिअरने सांगितलं की गेलेल्या माणसासमोर जो भात ठेवतात त्यात काड्या अशा उभ्या करतात. आणि आपल्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास पण द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. मला एकदम दहाव्याचा पिंड आठवला. आपल्या पंगतीत पाहुण्याने सहज म्हणून भाताचा पिंड वळून ठेवला तर आजीला काय वाटेल, तसंच ते. बाकी काही चुकलं तर लोक समजून घेतात, हे मात्र चुकवू नकोस.

आता तुझं व्हेज. "निकु नाशी" म्हणजे "मांस नको" म्हटलं की मांस येणार नाही, पण मासे निकुमध्ये मोजतच नाहीत. मिसो सूप, उदोन म्हणजे जाड नूडल्सचा रस्सा, सगळ्यात दाशी, म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी, असते, ती बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाची, त्यामुळे वर भाजी दिसली म्हणून फसू नकोस. "मासे आणि दाशीसुद्धा नको" असं जपानीत टाइप करून मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेव आणि सरळ दाखव. क्योटोला गेलीस तर देवळातलं शोजिन र्योरी खा, बौद्ध भिक्षूंचं जेवण असतं, मांस-मासे नसतात, पैसे जास्त जातील पण जाऊ देत.

ट्रेनमध्ये फोन सायलेंट, बोलायचं तर अजिबात नाही, गर्दीत सॅक पुढे घ्यायची. एस्कलेटरवर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे, समोरच्याचं बघून कर. शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, टोकियो ते ओसाका अडीच तास लागतात, बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर गेली तर मोठ्या सामानाची सीट आधी बुक करावी लागते, म्हणून तुझी ती मोठी लाल बॅग घरीच ठेव.

घरात शिरताना बूट काढायचे, आपल्याला ते नवीन नाही, पण टॉयलेटच्या चपला वेगळ्या असतात आणि त्या घालून बाहेर आलीस तर पंचाईत. तातामीवर, म्हणजे तिथल्या गवती चटईच्या जमिनीवर, तर स्लीपर पण नको. मोजे फाटके नेऊ नकोस! टिप द्यायची नाही, पैसे हातात न देता काउंटरवरच्या ट्रेमध्ये ठेवायचे. रस्त्यावर कचऱ्याचे डबे शोधून सापडत नाहीत, पर्समध्ये एक पिशवी ठेव आणि कचरा रूमवर आण. ओनसेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याच्या सार्वजनिक स्नानाला, जाणार असशील तर आधी साबणाने स्वच्छ आंघोळ, मग पाण्यात, आणि तिथे कपडे घालून उतरत नाहीत. बायकांचं वेगळं असतं, पण नकोसं वाटलं तर जाऊच नकोस.

पासपोर्ट कायम जवळ ठेवायचा, फिरायला आलेल्यांना तो कायदाच आहे. सर्दीच्या गोळ्या उगाच उचलून नेऊ नकोस, स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांच्या वर असलेलं औषध तिकडे नेता येत नाही, पाकिटं आधी मला दाखव. ॲम्ब्युलन्स 119, पोलीस 110. आपला तीन पिनचा प्लग तिथे बसत नाही, ॲडॉप्टर मी आणलाय, टेबलावर आहे.

आई चकल्या तळतेय, त्या नीट पॅक कर. पोचलीस की फोन कर, तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असतील तर इथे साडेसहाच, आम्ही जागेच असतो. फक्त ट्रेनमधून नको, प्लॅटफॉर्मवर उतरून कर.

तुझा बाबा