डाळ मिल काढण्याआधी

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

येळवशीच्या अमावस्येला रानातल्या कोपीपुढं आंबील पिता पिता तू सांगितलंस, की नोकरी सोडायची, मैत्रिणीला जोडीला घ्यायचं आणि औशाकडच्या बायकांची तूर त्यांच्याच डाळ मिलमध्ये भरडायची. तुझे बाबा लगेच भांडवलाचं विचारायला लागले. मी गप्प बसले, म्हणून तुला वाटलं आईला पटलं नाही. पटलं गं. पण मला जे बोलायचं होतं ते सगळ्यांपुढं बोलवत नव्हतं.

१९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आपलं गाव पडलं नाही, घरं चिरली. किल्लारीकडची ५२ गावं नव्या जागी वसवली. आपल्यासारख्या गावांत जुनीच घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. त्यासाठी गावोगावच्या बायकांमधून संवाद सहायक नेमल्या, त्यात मी होते. धाब्याच्या छतावरची माती कमी करा, भिंत बांधताना मधेमधे आरपार जाणारा दगड घाला, मदतीचा हप्ता असा मिळतो, हे मी घरोघर सांगत फिरायची. तोवर कुणाची तरी सून असलेल्या मला म्हातारी माणसं ‘ताई, जरा घर बघून जा’ म्हणायला लागली. तो मान मला फार आवडला.

पुढं एका मैत्रिणीबरोबर बचत गटांचं काम उभं केलं. तिला तू ओळखतेस, नाव लिहीत नाही. काही वर्षांनी एका दुपारी गटातल्या तिघी माझ्याशिवाय बँकेत गेल्या, स्लिप स्वतः भरली, पैसे काढून आल्या आणि आनंदानं मला सांगायला आल्या. मी चहा केला, शाबासकी दिली. आणि माई, आतून मला वाईट वाटलं. त्यांनी मला न विचारता केलं, याचं वाईट वाटलं. ज्यासाठी एवढी वर्षं पायपीट केली तेच घडलं होतं, आणि मी रात्री नीट जेवलेसुद्धा नाही. त्यानंतर मी हिशेबाच्या वह्या नि कपाटाची किल्ली आणखीच घट्ट धरली. बायका चुकतील, असं कारण देत राहिले. खरं कारण मला माहीत होतं.

तू कोणती नोंदणी करायची ते विचारलंस. कलम ८ ची कंपनी काढलीस तर नफा सभासदांत वाटता येत नाही. उत्पादक कंपनीत किमान १० उत्पादक लागतात, म्हणजे इथं तूर पिकवणाऱ्या बायका, आणि मालकी त्यांची असते. मुख्य कार्यकारी अधिकारी सभासदांबाहेरचा, संचालक मंडळानं नेमलेला. म्हणजे ती खुर्ची तुला मिळाली तरी उद्या त्याच बायका म्हणू शकतील, ‘माई, आता दुसरं कुणी बघू.’ हे ऐकून घेता येईल का तुला? कायद्याचं सीए सांगेल, पण याचं उत्तर तुझं तुलाच शोधायचं आहे, सहीच्या आधी.

दुसरं तुझ्या कामाच्या पद्धतीचं. सातवीत विज्ञान प्रदर्शनाला चौघींनी मॉडेल केलं होतं. आदल्या रात्री तू एकटीनं ते मोडून पुन्हा केलंस. बक्षीस मिळालं, पण त्या तिघी नंतर आपल्या घरी आल्या नाहीत. मी तेव्हा तुझं कौतुकच केलं, ती माझी चूक. अजूनही दुसऱ्याचं काम हळू वाटलं की तू ते ओढून घेतेस, फोनवर ऐकू येतं मला. तुरीला तेल-पाणी लावलं की ती वाळेपर्यंत दिवसच्या दिवस थांबावं लागतं, घाई केली तर साल सुटत नाही नि तुकडा जास्त पडतो. बायका बैठकीत एकाच गोष्टीवर दोन तास बोलतील. तेव्हा तू काय करशील?

आणि मैत्रिणीबरोबर जेवलीस, फिरलीस. पैशावरून कधी अडलात का दोघी? माझी मैत्रीण सगळं लिहून ठेवणारी, मी तोंडी शब्द देणारी. एकदा मी रस्त्यातच एका बाईला कर्जाचा होकार देऊन आले. मैत्रिणीला ते बैठकीत कळलं, सगळ्यांसमोर. ती भांडली नाही. पुढच्या महिन्यापासून येणं कमी केलं, मग बंदच. दोघींनी वेगवेगळं बसून लिहा: घर चालवायला महिन्याला किती लागतात, पगार न घेता किती महिने निघतील, कुठली गोष्ट दुसरीला विचारल्याशिवाय करायची नाही. मग कागद बदलून वाचा. एखाद्या ओळीवर खटकलं तर तिथंच थांबा, चार दिवस लागले तरी.

परवा मी त्या मैत्रिणीला फोन केला. एवढ्या वर्षांनी. तिला म्हटलं, पोरगी असं असं काम काढतेय, तिला तुझ्याशी बोलायचंय. ती जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, पाठव. रविवारी तुम्ही दोघी तिच्याकडे जा. मी येणार नाही. मी तिच्याबरोबर कशी वागले ते तिच्या तोंडून ऐक, मी लिहिलंय त्यापेक्षा वेगळं असेल तर तिचं खरं धर.

संध्याकाळी जेवायला इकडंच या. नवी तूर काढलीय, वरण करते.

तुझी,
आई