पाण्याच्या काचपेटीसाठी सभासदांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

घाईत लिहितोय. शाळा उघडायला पंधरवडा उरलाय आणि आपली काचपेटी अजून तडकलेलीच आहे.

पावसाच्या तोंडावर वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आपण मुलांना पाण्याचे प्रयोग दाखवतो, ते कुणाला नव्याने सांगायला नको. पेटीच्या तळाला मीठ घातलेलं पाणी, ती आपली ठाण्याची खाडी. कडेला डोंगर, तो येऊर. वरचा दिवा म्हणजे सूर्य आणि डोंगराच्या बरोब्बर वर, झाकणावर, बर्फाची ताटली. तासाभरात गार झाकणाला आतून थेंब धरतात आणि डोंगरावरून ओघळत खालच्या वाटीत, म्हणजे उपवन तलावात, उतरतात. वाटीतलं पाणी जिभेला लावलं की दरवर्षी तोच गलका, “अय्या, खारट नाही!” मीठ खाडीतच राहिलेलं असतं. एका मुलीने विचारलं होतं, “मग भातसा धरणाचं पाणी आधी समुद्रात होतं?” त्या दिवशी आमचं सगळं वसूल झालं.

ही पेटी माजी अध्यक्षांनी घरचा माशांचा टँक रिकामा करून दिलेली (मासे शेजाऱ्यांनी सांभाळले, त्यांचेही आभार). डोंगर चित्रकलेच्या बाईंनी तीन रविवार खपून केला. जांभळी नाक्यावरचे बर्फवाले काका कधी पैसे घेत नाहीत. आणि थर्मामीटर आपल्या रसायनशास्त्राच्या सरांचा. उकळत्या पाण्यात पारा १०० वर अडला की सर गॅस मोठा करायचे आणि पोरांना विचारायचे, “आता का चढत नाही?” एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, पण एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला ५४०. सगळी आच तिकडे जाते, पाऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. किटलीच्या तोंडाशी दिसतो तो पांढरा धूर म्हणजे वाफ नव्हेच, ते बारीक थेंब. खरी वाफ दिसत नाही, हेही त्यांनीच शिकवलं. सर आज नाहीत. थर्मामीटर आहे.

गेल्या वर्षी उत्साहाच्या भरात कुणीतरी उकळतं पाणी थेट गार काचेत ओतलं. चूक आमचीच. पण तडकलेल्या पेटीचा फोटो ग्रुपवर टाकला, तेव्हा रडके चेहरे भरपूर आले आणि पैसे तिघांनीच दिले. दहीहंडीच्या वर्गणीला असं होत नाही. असो.

यंदा गच्चीवर पर्जन्यमापकही बसवायचा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी झाला होता. आपल्या गच्चीवर तेवढा पडला तर किती बादल्या, हे गणित मुलांनी स्वतः करावं अशी इच्छा आहे.

पेटी, झाकण, दिवा, पर्जन्यमापक मिळून अंदाजे १४,००० रुपये, जमा ३,२००. रोख वाचनालयात सायंकाळी ६ ते ८ (सोमवार बंद), पावती मागून घ्यावी, चेक मंडळाच्या नावाने, १० जूनच्या आत. न गळणारा जुना टँक चालेल, दोन फुटांहून लहान नको. रोज दोन माणसंही हवीत, निदान मुलांच्या चपला सांभाळायला.

बर्फाची काळजी नको. काकांनी यंदाही शब्द दिलाय.

आपला,
कार्यवाह